टाउनोच्या बंदुकीचं माप

४ ऑक्टोबर

आज टाउनोच्या हातून बंदूक पडली. खिळ्यावरून काढली, टेबलापर्यंत आणली, आणि पडली. रिकामी होती म्हणून बरं! नळीचं तोंड माझ्या ओट्याच्या कडेवर आपटलं आणि टवका उडाला. तो टवक्याकडे बघत म्हणाला, "ओटा... मजबूत निघाला." मी हसले नाही.

डॉक्टरांनी उन्हाळ्यात सांगितलं होतं तसंच चाललंय. स्नायू एकेक करून साथ सोडतात. आधी उजवा अंगठा गेला, मग दंड. आता जीभही जड झाली. औषध नाही. मी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. कारण समजलं की उपाय सापडतो, असं पोरांना सांगत आले. थापा!

पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार सुरू होते. आमच्याकडे सासऱ्यांनी घालून दिलेला नियम आहे — त्या दिवशी उजाडताना जो बंदुकीसह आपल्या बैठकीवर, म्हणजे दबा धरायच्या ठरलेल्या जागेवर नसेल, त्याची बैठक गेली. ती पुढच्या माणसाची. लग्न, मयत, आजारपण, काही सबब चालत नाही. टाउनोची बैठक दलदलीच्या काठावर, आडव्या पडलेल्या हेमलॉकच्या बुंध्यामागे. बापाची होती, मग याची झाली. तिथे आणखी एकदा बसायचं, एवढंच त्याच्या डोक्यात आहे. बोलला नाही. पण भिंतीवरच्या खिळ्याकडे सारखा बघतो.

नवी हलकी बंदूक घेऊ म्हटलं, तर मान फिरवली. मग हीच त्याच्या हाताला जमेल अशी करायची. दुसरं मला सुचत नाही.

५ ऑक्टोबर

बंदूक टेबलावर घेऊन बसले. बापाच्या काळची, लिव्हर खाली-वर करून काडतूस चढवायची. मोकळ्या रानासाठी ठीक असेल. सीडरच्या दाट झाडीत तिची लांब नळी प्रत्येक फांदीला अडकते. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता लांब. नेम धरायची मागची खाच इतकी बारीक की संध्याकाळी झाडाखाली काही दिसत नाही. आणि काडतुसावर आपटणारा घोडा मागे ओढून चढवायला अंगठ्यात जोर हवा, जो आता नाही.

नळी गावातल्या कारागिराकडे नेली.

"बाई, हा खून आहे," तो म्हणाला. "इतकी जुनी वस्तू!"

"वस्तूच आहे. कापा."

कापली. बाकीचं मी घरी करणार. कानस मला चालवता येते.

९ ऑक्टोबर

दस्त्याचं माप घेतलं. बंदुकीचा मागचा भाग कोपराच्या खोबणीत टेकवायचा आणि बोट चापावर पोचतं का बघायचं. टाउनोचा हात वर राहीना. दोनदा धरला, दोनदा घसरला.

"तू धर," तो म्हणाला. "मी... बघतो."

"माझा हात तुझ्यापेक्षा आखूड आहे."

"मीही... आखडलोय की, मास्तरीणबाई."

मग मीच खुंटीसारखी उभी राहिले. "कोट घाल," म्हणे. बरोबर आहे, नोव्हेंबरात जाड लोकरी कोटावरूनच बंदूक लावायची असते. अंगातल्या शर्टावर माप घेतलं तर ऐन वेळी दस्ता काखेत अडकतो. माझा कोट घातला. कुठे कापायचं ती खूण त्याने नुसत्या डोळ्यांनी सांगितली. मला ती फारच आत वाटली. वाद घातला. त्याने डोळे मिटून घेतले. हा त्याचा नवा मार्ग — वाद नकोसा झाला की डोळे मिटायचे!

आखूड दस्ता उचलायला हलका, हे खरं. म्हणून ऐकलं.

१० ऑक्टोबर

अक्रोडाच्या लाकडाला करवत लावली. सासऱ्यांच्या गालाचा घाम मुरलेलं लाकूड. भुसा काळा पडला. कापलेला तुकडा फेकवेना, खिडकीत ठेवलाय.

१४ ऑक्टोबर

मागे रबराची गादी बसवली, कडा घासून एकसारख्या केल्या, जवसाचं तेल चोळलं. लिव्हरला हरणाच्या कातड्याची पट्टी गुंडाळली — थंडीत लोखंड बोटाला चिकटू नये म्हणून.

माझ्या डाव्या हाताच्या कडेला नेहमीची शाई, वर आता तेल. साबणाने जात नाही. लहानपणी शाळेत मास्तर छडी मारून हा हात उजवा करायला निघाले होते. तेही जमलं नाही.

टाउनोला आज काटा धरता आला नाही. बटाटे कुस्करून दिले.

१८ ऑक्टोबर

मागची खाच काढून तिथे नेम धरायची कडी बसवली. नुसतं गोल भोक. त्यातून बघायचं, डोळा आपोआप मध्य शोधतो. नळीच्या टोकावरच्या माशीला, नेमाच्या खुणेला, पांढरा रंग दिला. संध्याकाळी टेबल मागच्या दारात ओढून झाडांच्या अंधारावर नेम धरून बघितलं — बंदूक टेबलावर, पुस्तकांच्या थप्पीवर. माशी लख्ख दिसली.

"दिसते का... तुला?" टाउनोने विचारलं.

"मला दिसून काय उपयोग? तू बघ."

त्याने बघितलं. मान हलवली. पण मान आता तशीही हलते.

२३ ऑक्टोबर

माझी चूक. लिहून ठेवते.

घोडा हलका व्हावा म्हणून मी आतल्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, स्क्रू सैल केला. अंगठ्याच्या एका ढकलीने चढायला लागला. मी खूश! दुपारी त्याला चाकाच्या खुर्चीतून खडीच्या खाणीवर नेलं. वाळूच्या पिशव्यांवर बंदूक ठेवली, पलीकडे पुठ्ठा उभा केला. चाप दाबायचं काम त्याचं, कडीतून बघायचं माझं.

"दाब."

टक्.

काहीच नाही. दुसरं काडतूस घातलं. टक्! घोड्याला काडतूस पेटवण्याइतका जोरच उरला नव्हता. चढवायला जितकं सोपं केलं, तितकं मारायला दुबळं झालं. ही गोष्ट मी फळ्यावर किती वेळा काढली असेल — जेवढी ताकद घालाल तेवढीच परत मिळेल!

टाउनो हसत होता. "हरीण... घाबरून... मरेल," म्हणाला.

तिथेच स्क्रू आवळला. मग उडाली. चौथी गोळी पुठ्ठ्याच्या मधोमध. डोळा माझा, बोट त्याचं. त्यानंतर त्याने मला लिव्हर चालवायला लावली, परत परत. घोडा हळूच अर्ध्यावर आणून सुरक्षित कसा ठेवायचा तेही. "तू कर. मी... बघतो." हात दुखून आले. त्याच्या देखत, त्याचीच बंदूक, मी चालवायची. त्याला काय वाटत असेल, विचारलं नाही.

पण घोडा पुन्हा जड. आहे तिथेच आहोत.

२७ ऑक्टोबर

उपाय मिळाला. घोड्याच्या शेंड्याला वर आणि बाजूला निघणारा पोलादी खुंट जोडायचा. अंगठ्याला लांब पकड मिळते, जोर कमी लागतो. कमानीला हात लावायला नको. इतका साधा तरफेचा नियम! आधी का सुचला नाही?

कानशीने घडवला, बारीक स्क्रूने उजव्या बाजूला बसवला. टाउनो उजव्या हाताचा.

त्याने बघितलं आणि म्हणाला, "डावीकडे."

"उजवीकडेच हवा. तुझा अंगठा उजवीकडून येतो."

"डावीकडे... हेल्मी."

बंदूक दोनदा त्याच्या मांडीवर धरून दाखवली. त्याचाच अंगठा खुंटावर नेऊन ठेवला. तरी तेच.

डॉक्टर म्हणाले होते, काही जणांच्या विचारांवरही परिणाम होतो. वाटलं होतं, तेवढं तरी वाचेल.

२८ ऑक्टोबर

पुन्हा डावीकडे, डावीकडे. ताट लोटलं. आयुष्यात कधी ताट लोटलं नाही या माणसाने.

२९ ऑक्टोबर

खुंट डावीकडे बसवला. त्याला शांत झोप लागली. मी गोठ्यामागे जाऊन रडले. हात जाणार हे माहीत होतं. उजवं-डावं जाईल असं वाटलं नव्हतं.

३ नोव्हेंबर

धाकटा दीर ओन्नी आणि त्याची बायको सिल्वी येऊन गेले. सिल्वीने पेस्ट्या आणल्या, मांस-बटाट्याच्या भाजलेल्या मोठ्या करंज्या, सलगम घालून. बर्फ पडायला लागलंय.

ओन्नी भावाशी नेहमीसारखाच बोलतो, त्याबद्दल त्याला मानते. "दादा, तुझ्या बैठकीवर हरणं तुझ्यासाठी येत नाहीत रे, तुझ्या थर्मासमधल्या कॉफीसाठी येतात!" टाउनो कसाबसा म्हणाला, "तुझी कॉफी... पिऊन... मरतात."

निघताना मात्र ओन्नी दारात बूट घालत रेंगाळला.

"वहिनी, एक बोलू? जमेल का त्याला?"

"जमवतेय."

"माझा जावई दोन वर्षं जागेसाठी थांबलाय. मी त्याला गप्प केलंय. पण नियम बाबांचा आहे, माझा नाही. माझा असता तर —"

"तुझा असता तर तू मोडला असतास, आणि टाउनोने तुझं तोंड बघितलं नसतं. जा आता, रस्ता घसरडा झालाय."

त्याने खिळ्यावरची बंदूक बघितली. "कोणाच्या नातवाची बंदूक वाटते ही! आणि खुंट उलट्या बाजूला बसवलाय, वहिनी."

"माहीत आहे."

८ नोव्हेंबर

रविवार. सौना, वाफेची न्हाणी, तापवली. त्याला आत नेणं आता माझ्या एकटीच्या आवाक्यातलं राहिलं नाही, म्हणून खुर्ची दाराशी लावून गरम पाण्याने अंग पुसलं. पाठ म्हणजे नुसती हाडं.

नंतर बंदूक हातात दिली. नळी आखूड, दस्ता आखूड, वजन कितीतरी कमी झालेलं. मनगट उचललं गेलं. कोपर नाही. खाली माझा हात धरला तरी नाही. मी एक गोष्ट सोपी करते तोवर याची दुसरी जाते. शर्यत लावली होती आणि मी हरले. मुळात शर्यत नव्हतीच, हे मला कळायला हवं होतं.

मी म्हटलं, "संपलं, टाउनो."

तो म्हणाला, "छान... झालीय."

बंदुकीबद्दल म्हणाला.

११ नोव्हेंबर

बोलणं जवळजवळ थांबलं. गिळताना ठसका. सूप घट्ट करून चमच्याने.

१३ नोव्हेंबर

बंदूक पुसून कपाटात ठेवत होते. त्याने घशातून आवाज काढला. परत खिळ्यावर टांगली.

१४ नोव्हेंबर

ओन्नी निरोप घ्यायला आला. आज सगळे पुरुष शिकारीच्या कॅम्पवर जातात. भावाच्या खांद्यावर हात ठेवला. मग खाली बघत, "वहिनी, मग उद्या जावयाला तिकडे...?"

माझ्या तोंडून निघून गेलं — "उद्या तिथे मी बसेन."

"तू?"

"बैठकीवर घरातलं माणूस आणि बंदूक. बाबांचा नियम एवढाच ना? पुरुष हवा असं म्हणाले होते?"

ओन्नीने विचार केला. प्रामाणिकपणे केला. "नाही. तसं कधी म्हणाले नाहीत. पण तू कधी ससासुद्धा मारला नाहीस!"

"मारायचं नाहीये. बंदूक मांडीवर असेल. जागा रिकामी दिसायला नको, बस. पुढच्या वर्षी तुम्ही घ्या. हा असेपर्यंत त्याच्या जागेवर दुसरा बसायचा नाही."

आणि टाउनो हसायला लागला! आवाज नाही, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. थांबेचना. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं — कारण नसताना हसू येईल. तेही आलं. मी त्याचं तोंड पुसलं.

दुपारी गावात जाऊन शिकारीचा परवाना काढला. दुकानदार म्हणाला, "टाउनोसाठी?" म्हटलं, "माझ्यासाठी." त्याने चष्मा काढून पुन्हा घातला.

उद्या सिल्वी टाउनोपाशी बसेल. कोट, बूट, थर्मास काढून ठेवलेत. हा सगळा मूर्खपणा आहे. कोणासाठी करतेय? त्याला आता उजवं-डावंही कळत नाही.

१५ नोव्हेंबर

हेमलॉकपाशी. पेन्सिलने लिहितेय. उजाडलंय.

दलदलीकडे काटकी मोडली आणि मी बंदूक उचलली. विचार न करता, डाव्या खांद्याला. कोटावर दस्ता नेमका बसला. मान वाकवावी लागली नाही. डोळ्यासमोर कडी, कडीत पांढरी माशी. आणि डावा अंगठा न शोधता खुंटावर.

माझा हात. माझा कोट. डावीकडे, हेल्मी.

त्याने स्वतःसाठी काहीच करून घेतलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी करवतच उचलली नसती.

काल तो खराच हसत होता.

सीडरमधून काहीतरी येतंय. थांबते.