नळी झिजलेली नाही

कोडियाक, अलास्का
रविवार, दुपार

प्रिय बाबा,

मासळीच्या कारखान्यात माझं बरं चाललंय. हातमोजे दोन-दोन घालते, काळजी नको. आईचा गुडघा कसा आहे?

कोठारामागे नेम धरून रिकामे डबे पाडायला बावीस कॅलिबरची जुनी रायफल ठेवू की सतरा कॅलिबरची नवी घेऊ, असं तुम्ही विचारलंत. सतराची गोळी जास्त वेगाने आणि सरळ जाते, हे शेजारच्या होबार्टकाकांचं म्हणणं खरंय. पण ती हलकी असते, आपल्या टेकडीवरचा वारा तिला ढकलणार. शिवाय आवाज मोठा. आईच्या कोंबड्या अंडी घालायच्या बंद होतील. डब्यांना बावीस पुरे.

"नळी झिजली, नेम लागत नाही," म्हणे! बाबा, बावीसची नळी अशी झिजत नसते. थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी आले होते तेव्हा त्याच रायफलीने मी ओळीने पाच डबे पाडले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोरी, आज तुझं नशीब जोरावर आहे."

आईने लिहिलंय की फाटकाचा खांब वाकलाय, आणि तो आपोआप वाकला असं तुमचं म्हणणं आहे. पिकअप गाडीचीही नळी झिजली वाटतं?

डोळे तपासून घ्या. तोवर रायफल कपाटात आणि पिकअपची किल्ली आईकडे. रागावलात तरी चालेल. डब्याच्या मागे काय आहे ते नीट दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

आपल्या फाटकापुढे शाळेची बस थांबते, बाबा.

तुमच्याच हाताखाली नेम शिकलेली,
रोवेना