दुसरं मापटं

पुणे, १२ ऑक्टोबर २०२४

ती. रोझीआत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि बोलणं राहूनच जातं, म्हणून पत्र. सेमिनरीत सध्या बायबलसाठी ग्रीक शिकतेय. निबंधाला क्रियापद मिळालंय ‘युखारिस्तेओ’, म्हणजे उपकारस्तुती करणे. गंमत अशी, की ती कितीदा तरी आधीच केलेली दिसते. पाच भाकरी, समोर पाच हजार माणसं, आणि येशू आधी उपकार मानतो. ज्याला तो जिवंत करणार, तो लाजर अजून कबरेतच असतो, तरी आधी उपकार. पौल तर वादळात सापडलेल्या तारवावर भाकर हातात घेऊन तेच करतो.

मिळण्याआधी आभार कोण मानतं गं? मला नाही जमत. नर्सिंग सोडून इथे आले म्हणून अण्णांनी या दारात येऊ नकोस म्हटलं, त्याला तीन वर्षं झाली. हंगामाच्या सणाला घरी यावंसं फार वाटतं. पण त्यांनी तोंड फिरवलं तर?

माया आहे तशीच राहू दे.
तुझी प्रार्थना

पाथर्डी, २० ऑक्टोबर २०२४

चि. प्रार्थनास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं ग्रीक मला काय कळणार, बाई! पण आपला सण तुला ठाऊक आहे. ज्यानं त्यानं आपली मापटंभर बाजरी स्वतः चर्चच्या वेदीपुढे ओतायची आणि पाळकांनी नाव पुकारायचं. जो हजर नाही, त्याचं मापटं नाही. तुझा बाप मात्र तीन वर्षं दोन ओततोय. पाळकांनी दुसऱ्याचं नाव विचारलं, तर म्हणाला, प्रार्थना शलमोन. पोरगी कुठं हाय हितं, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर हा म्हणाला, न्हाई, पर येनार हाय, म्हनून आधीच.

तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला. मोडली. काल तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. ऐकलं, उठला आणि शेळीला पाणी पाजायला गेला. शेळी नुकतीच पाणी प्यायली होती.

म्हातारीची आठवण ठेव.
तुझी आत्या

पाथर्डी, २१ ऑक्टोबर २०२४

चि. प्रार्थनास,
आशीर्वाद.

रोझीच्या पोटात काही राहत नाही. बरं झालं. तेव्हा मी रागात बोललो, चुकलो. तू तुझ्या वाटेनं गेलीस आणि नीट चाललीस, देवाचे उपकार.

बाजरी चांगली झाली आहे. सण १० नोव्हेंबरला, रविवारी. तू शनिवारी ये, मी एसटी स्टँडवर थांबतो.

यंदा मी एकच मापटं ओतणार आहे. दुसरं भरून ठेवलंय.

अण्णा