समासातलं प्रश्नचिन्ह

प्रिय धाकट्यास,
ताईचा सप्रेम सलाम.

माझा खोकला गेला. खोलीत सकाळचं ऊन येतं. काळजी नसावी.

परवा छापखान्यात बायबलच्या टिपांची मुद्रितं तपासताना, ज्या वचनावरून आपल्यात दुरावा आला त्याचीच टीप समोर आली. ग्रीक शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "या शब्दाच्या अर्थावर विद्वानांचं एकमत नाही. तसं छापू या."

पाळकसाहेब म्हणाले, "पिढ्यान्‌पिढ्या लोक वाचत आले, ते काय खुळे?"

"जुनी चूक जुनी म्हणून ठेवायची, तर या ताईंना नोकरीवर ठेवलंय कशाला?" बाई म्हणाल्या.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई म्हणतात तशीच टीप छापू या," मी म्हणाले.

"ठामपणे सांगताय?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"नाही. ठाम मी एकदाच होते."

तुझं प्रेम एका पुरुषावर आहे, हे तू विश्वासाने मला सांगितलंस आणि मी त्या वचनाखाली लाल रेघ ओढून बायबल तुझ्या उशीवर ठेवलं. शंका आली की मी समासात प्रश्नचिन्ह काढते. तेव्हाही शंका आली होती. मंडळीत लोक काय म्हणतील म्हणून काढलं नाही. याची फार लाज वाटते.

ते बायबल अजून असेल तर पाठव. ते चिन्ह मला माझ्या हाताने काढायचंय. टाकून दिलं असशील तर बरंच केलंस.

तुझ्या घरी जो असतो, त्याची मी अकरा वर्षांत एकदाही विचारपूस केली नाही. कसा आहे तो? मी आलेली त्याला चालेल का?

तुझीच,
ताई