दोघांच्या तंबूत तिघं

३ जानेवारी ९६, बुध.

शेठच्या सूतवाल्याने शेठला एक कुपन दिलं, शेठने ते दि.ना दिलं. जैसलमेरच्या पुढे वाळवंटात तंबू. दोन माणसं, दोन रात्री. खाणं, उंट, जीप सगळं त्यातच. शेठाणीला आबूला जायचंय. ‘रेती जोवा कोण जाय?’ म्हणाल्या म्हणे, वाळू काय बघायची. दिवाळीत सगळे कारागीर गावाला गेले तेव्हा दि. एकटे खात्यात, म्हणजे शेठच्या कापडाच्या कारखान्यात, थांबून लूम दुरुस्त करत बसले होते, त्याचं हे बक्षीस.

(दि. एवढंच लिहिते. नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही ते ठीक, पण लग्नाला दोन वर्षं झाली तरी अख्खं लिहायलाही हात अडखळतो.)

दोन माणसं. दिवसभर तेच चघळतेय.

४ जाने., गुरु.

सुरतेत गोडादऱ्याच्या या खोलीत आम्ही चौघं. दि., मी, सासूबाई म्हणजे आत्याबाई, आणि धाकटा दीर सुनील. मध्ये दोरीवर आत्याबाईंची जुनी हिरवी साडी. साडीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते दोघं. नियम एकच, आणि तो कोणी कधी बोलून दाखवलेला नाही. साडीपलीकडचं ऐकू आलं तरी ते आलेलं नसतं.

शेजारचं खातं चालू असलं की लूमच्या खटखटीत आम्ही दोघं बोलून घेतो. वर आत्याबाईंचं घोरणं, म्हणजे दुसरं लूमच. ती दोन्ही चालू असली की मी राणी.

उन्हाळ्यात आखाजी झाली की सुनीलचं लग्न. अजून एक साडी टांगू, पण खोली कुठून वाढवणार? सुरतच्याच दुसऱ्या टोकाला, कोसाडला, पवारांची खोली रिकामी होतेय. पवार दि.च्या बरोबर कामाला. महिनाअखेर हो-नाही सांगायचंय. मी दि.ना धड विचारलेलंच नाही. थोरल्याने आईला सोडलं, असं लोक म्हणणार. हे शब्द लूमच्या आवाजातसुद्धा तोंडातून निघत नाहीत.

तिकडे वाळूत विचारणार. ठरलं.

५ जाने., शुक्र.

घात झाला.

जेवताना दि. म्हणाले, ‘आई, तू बी चाल ना.’ जास्तीची एक खाट मिळते म्हणे.

मला वाटलं आत्याबाई म्हणतील, मी काय करू तठे. नेहमी म्हणतात. सिनेमाला म्हणतात, डुमसच्या समुद्रावर जायचं तरी म्हणतात. आज म्हणाल्या, ‘उंट काय रोज बलावस का माले?’ आणि वाटीतली आमटी प्यायल्या.

भांडी घासताना एक पातेलं जरा जोरात आपटलं. दि.ना कळलं. आत्याबाईंनाही कळलं असणार, पण त्या ऐकत नाहीत ना.

दि.वर चिडायचं होतं. पण आईला ‘चाल’ म्हणताना त्यांचा चेहरा शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरासारखा झाला होता. असा नवरा पदरी पडला की धड चिडताही येत नाही.

८ जाने., सोम.

बांधाबांध. कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, तिळगूळ (संक्रांत गाडीतच जाणार). आत्याबाई स्टोव्ह घ्यायचा म्हणतात. तिकडे जेवण आहे, म्हटलं. ‘दुसरास्ना हातनं कितला दिन खाशी?’ दोन दिवस, म्हटलं. मग स्टोव्ह राहिला. तवा मात्र आलाय. पिशवी उचलली की कळतं.

सुनील पतंगाचा मांजा सुकवत बसलाय. त्याला घरी एकटं राहायला मिळणार म्हणून तो सगळ्यांत खूश.

११ जाने., गुरु.

पोचलो. अहमदाबादला गाडी बदलली, जोधपूरला बदलली, शेवटी जीप. अंगभर धूळ. दि.च्या भुवया पांढऱ्या झाल्या, म्हातारपणी कसे दिसतील ते बघून घेतलं. बरे दिसतील.

तंबू! आमच्या खोलीसारख्या दोन खोल्या आत बसतील. खाली गालिचा, मोठा पलंग, आरसा, टेबलावर दिवा, मागे नळ असलेली न्हाणी, आणि नळाला गरम पाणी. पुढच्या भागात आत्याबाईंची खाट आणि मध्ये जाड पडदा. एवढ्या लांब येऊनसुद्धा पडदा!

दि.नी आत शिरल्या शिरल्या तंबूचं अस्तर चिमटीत धरलं, उलटं करून पाहिलं. ‘आपलंच शे. सुरतनं.’ बाहेर सूर्य मावळतोय, सगळी वाळू केशरी झालीय आणि हा माणूस कापड बघतोय.

आत्याबाईंनी सगळीकडे हात फिरवून पाहिला. ‘याले दार नही का?’ कापडाची झडप आहे, चेन लावायची. ‘मंग कुलूप कोठे लावतस?’ तंबूवाला हसला. त्या नाही हसल्या.

जेवणात दाल-बाटी. आत्याबाई म्हणाल्या ही तर आपलीच बट्टी. मग आचाऱ्याला बोलावून बट्टीत ओवा कमी पडला म्हणून सांगितलं. तो पुढच्या वेळी जास्त घालतो म्हणाला. मी ताटात बघून हसत होते.

१२ जाने., शुक्र.

आज बरंच लिहायचंय. बोटं गारठलीत.

सकाळी जीपने वाळूवर चढ-उतार. जीप टेकडीच्या टोकावर जाऊन क्षणभर थांबते आणि मग सरळ खाली. मी किंचाळले. दि. किंचाळले. आत्याबाई पुढच्या सीटवर दांडी धरून गप्प. खाली आल्यावर ड्रायव्हरला म्हणाल्या, ‘आखो एक डाव.’ परत एकदा म्हणजे परत तीनदा.

दुपारी जेवून त्या खाटेवर आडव्या झाल्या. आम्ही दोघं तंबूच्या मागे सावलीत बसलो, पाठ तंबूला टेकून. आत घोरणं चालू झालं. समोर नुसती वाळू. घर नाही, माणूस नाही, भोंगा नाही. म्हटलं आता नाही तर कधीच नाही, आणि बोलले. कोसाडची खोली घेऊ या. मला आपल्या दोघांचं एक दार हवंय. लाकडाचं. आतून कडी असलेलं.

दि. वाळूत बोटाने रेघा ओढत राहिले. मग, ‘आईले काय सांगू? थोरला पोऱ्या दार शोधाले गया?’

त्यांनाही नेऊ आपल्याबरोबर, मी म्हणाले.

‘मंग दार कसाले?’

यावर आधी हसू आलं आणि मग रडूच. म्हटलं, अहो, मला त्यांच्यापासून लांब नाही जायचंय. मला तुमच्याशी भांडायचंय. एकदा तरी मोठ्याने. दोन वर्षांत आपण एकदाही भांडलो नाही, हे काय चांगलं लक्षण आहे?

‘मंग आते चालू कर,’ दि. म्हणाले. चांगले मांडी घालून समोर बसले.

सुचलं तर पाहिजे काही! दोन वर्षांचं साठलेलं, आणि एक शब्द आठवेना. पातेल्याचं तेवढं बोलले. विचारायचं होतं आधी मला, आईंना चला म्हणायच्या आधी. ते म्हणाले, चुकलंच. भांडण तिथेच संपलं. पण खोलीचं ‘बघू’वरच राहिलं. दि. ‘बघू’ म्हणाले की ती गोष्ट वर फळीवर ठेवली असं समजायचं.

आमचा आवाज किती मोठा होता, ते मला तेव्हा कळलं नाही. आमच्या बोलण्याला लूमची सवय. इथे लूम नव्हतं, आणि पाठीला भिंत म्हणून जे होतं ते कापड.

संध्याकाळी उंट. दि. एकटे पुढच्या उंटावर. आमच्या उंटावर पुढे आत्याबाई, मागे मी. उंट मागच्या पायांवर आधी उठतो हे कोणी सांगितलं नव्हतं. मी आत्याबाईंवर, आत्याबाई उंटाच्या मानेवर. मी त्यांना घट्ट धरलं ते मग सोडलंच नाही. एका खोलीत राहतो, पण इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते. पाठ किती बारीक आहे त्यांची.

थोडं पुढे गेल्यावर, तोंड पुढेच ठेवून,

‘कोसाडले पानी कितला टाइम येस?’

दोन वेळा येतं म्हणतात, मी म्हटलं.

‘माले आयकू येस, माय. दोन वरीसपाईन आयकस.’

पण तुम्ही तर घोरत होता, मी म्हटलं.

‘तुम्ही बोलाले लागनात का मी घोराले लागस.’

उंटाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. दोन वर्षं. मी ज्याला झोप समजत होते ते त्यांचं जागणं होतं. आम्हाला बोलता यावं म्हणून ही बाई दिवसभर राबून रोज खोटं खोटं घोरत पडायची. मी कपाळ त्यांच्या पाठीला टेकवलं. पदर ओला झाला असेल. त्यांना कळलं असेलच.

मग म्हणाल्या, ‘घसा दुखस कव्हय कव्हय.’

घसा दुखतो म्हणे कधी कधी! रडता रडता हसू आलं. दि. पुढच्या उंटावरून मागे वळून विचारतात, काय झालं? आम्ही दोघींनी मिळून काही नाही म्हटलं.

१३ जाने., शनि.

उजाडता उजाडता वाळूच्या मोठ्या टेकडीवर. थंडी अशी की दात वाजत होते. आत्याबाईंनी साडी खोचली, चपला हातात घेतल्या आणि आमच्या आधी वर. वरून गोणपाटावर बसून घसरत खाली जायचं असतं. तंबूवाला हात धरायला गेला तर, ‘सोड माले.’ सुटल्या त्या थेट खाली. दि. ‘आई! आई!’ करत अर्ध्या टेकडीपर्यंत धावले. खाली त्या आडव्या पडून हसत होत्या. मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. दि.नीही नसावं, तोंड उघडं ठेवून बघत होते.

नंतर त्या बराच वेळ खालीच बसून राहिल्या. आम्ही दोघं वर. मुद्दाम बसल्या असणार. आता मला त्यांचं सगळंच मुद्दाम वाटतं. दि. बाजूला बसून म्हणाले, आई इथे किती मोकळी झाली नाही? हो, म्हटलं. त्यांना घोरण्याचं सांगावंसं वाटलं, पण ते आमच्या दोघींतलं आहे.

निघताना आत्याबाईंनी आचाऱ्याला आमचा ओवा दिला. ओवा पण आणला होता!

१४ जाने., रवि. गाडीत

संक्रांत. डब्यातल्या सगळ्यांना तिळगूळ वाटला. आत्याबाईंनी माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘गोडनं राहू दे. जोरमा बोलत जाय.’ दि. म्हणाले हे काय नवीन? त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

१६ जाने., मंगळ.

घर. सगळ्या तारांवर फाटके पतंग. सुनीलची तीन बोटं मांज्याने कापलेली, दोन दिवस नुसत्या पोंकावर (इथला हुरडा) आणि शेवेवर राहिला. खोली किती लहान आहे ते दोन दिवस तंबूत राहिल्यावर कळतं. पण दाराशी आल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

एक गंमत. परत आल्यापासून आत्याबाई घोरत नाहीत.

१८ जाने., गुरु.

आजही नाही. साडीपलीकडे एकदम शांत. बाजूचं खातं बंद पडलं की आम्ही दोघं श्वास रोखून पडतो. दि. काळजीत. सकाळी मला हळूच म्हणाले, ‘आईनं काही दुखस का? घोरस नही आजकाल.’ डॉक्टरकडे न्यायचं म्हणतात. मी चहा गाळत होते, गाळणीच पडली हातातून.

२० जाने., शनि.

दुपारी बाजारातून आले तर खोली उजाड उजाड वाटली. दोरी रिकामी. हिरवी साडी धुऊन, वाळवून, घडी घालून माझ्या ट्रंकेवर ठेवलेली.

आत्याबाई गहू निवडत होत्या. मी साडीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.

‘खिडकीले पडदा लागी,’ म्हणाल्या. ‘कोसाडले.’

मी सुपाच्या पलीकडे बसले. आणि आज कुठलंही लूम चालू नसताना, चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं. तुम्ही नाही येणार?

त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

‘त्या खोलीले दार शे ना? मंग वाजाडीसन येसू.’

दि. आठला येतील. त्यांना अजून यातलं काही माहीत नाही, रिकामी दोरी बघून घाबरतील. पवारांना काय सांगायचं ते त्यांनीच ठरवायचंय. आणि ते ‘बघू’ म्हणाले, तर आज आमचं पहिलं भांडण होणार, आईंच्या समोर.