राक्षसास अभय

॥ श्री ॥

जळगाव,
दि. २ डिसेंबर २०२४

चि. प्रेमराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी तुझ्याहून केवळ चार महिन्यांनी ज्येष्ठ आहे, हे मी जाणतो. तथापि आजच्या पत्राचा विषय असा आहे की त्या चार महिन्यांतील एकही दिवस मला वाया घालवता येणार नाही.

येथे सर्व क्षेम. उजवे कोपर तेवढे दुखते. डॉक्टरांनी तपासून ही टेनिसपटूंची व्याधी असल्याचे सांगितले आणि मी कोणत्या मैदानावर जातो, असे विचारले. मी दरवर्षी असोद्यास पार्वताबाई आत्यांच्या मळ्यात जाऊन भरीत ठेचतो, असे उत्तर दिले. वर्षातून एकदा भरीत ठेचल्याने कोपर जात नाही, असे त्यांचे मत पडले. त्यांनी आपल्या कुटुंबाची पंगत पाहिलेली नाही.

आता मुख्य विषय. तो भ्रमणध्वनीवर बोलण्याजोगा नाही, कारण भ्रमणध्वनीवर तू हसतोस. पत्र वाचताना हसलास, तर तो अपमान निदान धुळ्यातच राहतो.

चौऱ्याण्णव साली माझ्या मामांनी अमेरिकेहून मला करड्या रंगाचे एक क्रीडायंत्र आणले. ते चालवण्यास वरवंट्याइतका जड ट्रान्सफॉर्मर लागे, आणि आमच्या रंगीत संचावरही त्याचे चित्र कृष्णधवलच उमटे. त्याच वर्षी काकांनी तुला सुरतेच्या बाजारातून जपानी अक्षरांचे यंत्र आणून दिले. खेळ दोघांचा एकच. काळ्या वस्त्रांतला योद्धा तलवार घेऊन छपरांवरून उड्या मारतो, वटवाघळे कापतो आणि सहाव्या टप्प्याच्या अखेरीस सिंहासनस्थ राक्षसाचा वध करतो. माझी कॅसेट रुंद, तुझी अरुंद, म्हणून अदलाबदल अशक्य. त्यात पाहुणे आले की यंत्र कपाटावर आणि टीव्ही वडीलधाऱ्यांच्या स्वाधीन, हा दोन्ही घरांचा कायदा. परिणामी आपण एकमेकांचा खेळ कधी पाहिलाच नाही. फक्त एकमेकांच्या फुशारक्या ऐकल्या.

मग आपण ती अविवेकी प्रतिज्ञा केली. जो आधी राक्षस मारील त्याने भरिताच्या दिवशी सतरंजीवर बसावे, आणि दुसऱ्याने स्वतः राक्षस मारीपर्यंत दरवर्षी भरीत ठेचावे. तू दिवाळीच्या सुट्टीत मारलास. पडद्याचे छायाचित्र काढून, चौकटीत बसवून ते बैठकीत लावलेस. मी मात्र आजतागायत त्या राक्षसाच्या दालनापर्यंत असंख्य वेळा पोचलो आणि प्रत्येक वेळी तेथेच देह ठेवला.

परवा पुनम पुण्याहून आली. कन्येस पित्याच्या दुःखाचे संशोधन करण्याची बुद्धी झाली आणि तिने जे शोधून काढले ते वाचण्यापूर्वी खाली बस. प्रेमराज, तो खेळ एक नव्हता! जपानी आवृत्तीत योद्धा तीन आघात सोसतो. अमेरिकी आवृत्तीत एकाच स्पर्शात त्याचे देहावसान होते. तुझा योद्धा पडला तर जवळूनच उठे. माझा टप्प्याच्या प्रारंभी फेकला जाई. कारण काय, तर अमेरिकेत लोक खेळ भाड्याने नेत. तो शनिवार-रविवारात संपला, तर विकत कोण घेणार? तिकडच्या दुकानदारीपायी इकडे असोद्यात माझे कोपर गेले.

पुनमने दोन्ही आवृत्त्या संगणकावर बसवून तुझी खेळून पाहण्याचा आग्रह केला. मी नकार दिला. सवलतीचा मोक्ष मला नको. मला न्याय हवा. जानेवारीतल्या भरिताच्या दिवशी सर्वांसमक्ष तू तुझा विजय सौम्य आवृत्तीतला असल्याचे मान्य करावेस आणि मुसळी हाती घ्यावीस.

दिपमालास आशीर्वाद. लोभ पूर्ववत राहील. न्याय मिळाल्यास वृद्धिंगत होईल.

तुझा अन्यायग्रस्त,
ललित

—

धुळे,
दि. ९ डिसेंबर २०२४

ती. ललितभाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र दुकानात पोचले. समोर एक शेतकरी जळालेली मोटर घेऊन बसला होता. मी हसलो तेव्हा त्याला वाटले की मी त्याच्या मोटरीला हसतो. त्याची समजूत काढण्यात चहा गेला. तो आपल्या नावे मांडला आहे.

भाऊ, आधी आपण ट्रान्सफॉर्मरला दोष दिलात. मग रंगाला, कारण कृष्णधवल चित्रात वटवाघूळ आणि ढग सारखेच दिसतात असे आपले म्हणणे होते. मध्यंतरी मामांवर घसरलात. आता जपान आणि अमेरिका ही दोन राष्ट्रे दोषी ठरली आहेत. या हिशेबाने आणखी काही वर्षांत चंद्राचा नंबर लागेल.

माझ्या कॅसेटवरची अक्षरे जपानी होती. ती सोपी आहे असे त्यात लिहिले असले तरी मी कुठून वाचणार? आणि सोपी म्हणजे काय? आपला योद्धा एका स्पर्शात सुटत असे. माझ्या गरिबाला प्रत्येक वेळी तीनदा मार खावा लागे. सहनशीलता कोणाची जास्त, हे आपणच मोठ्या मनाने ठरवा.

तरीही आपण ज्येष्ठ आहात, तेव्हा एक तोडगा सुचवतो. पुनमला सांगून ती अमेरिकी आवृत्ती माझ्याही संगणकावर बसवून घेतो. येत्या रविवारी जेवण झाल्यावर बसेन आणि चहापर्यंत राक्षस मारीन. मारला, तर आपण ठेचतच राहावे आणि कोपरास तेल लावावे. नाही मारला, तर मुसळी माझी.

वहिनींना नमस्कार. कृपा असावी, आणि यंदा भरितात मिरची जरा हात राखून पडावी.

आपला विजयी (सध्या तरी),
प्रेमराज

—

धुळे,
दि. २३ डिसेंबर २०२४

ती. भाऊजींना दिपमालाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी यांच्या नकळत लिहिते आहे, तेव्हा उत्तर यांच्याच नावाने पाठवा आणि माझं नाव मधे आणू नका.

तुमच्या त्या खेळानं आमच्या घरात नुसता उच्छाद मांडलाय. रविवारी जेवून बसले ते अजून उठलेले नाहीत, असंच म्हणायला हवं. सुरुवातीलाच एक वटवाघूळ येतं. ते आलं की हे मेलेच. आधी म्हणाले की बटण खराब आहे. नवं आणलं. मग खुर्चीला दोष दिला. मग मी चहा घेऊन मागून गेले म्हणून मेलो म्हणाले. आता चहा दारातच ठेवते, तरी मरतात. दुकानात मोटरी साचल्या आहेत, आणि गिऱ्हाईक आलं की हे त्यालाही उडी कधी मारावी ते विचारतात.

इथवर मीही हसत होते. पण परवा यांनी बैठकीतला तो फोटो उतरवला. भिंतीवर त्या जागी पांढरा चौकोन दिसतो. आणि म्हणाले की यंदा असोद्याला जमणार नाही, साक्रीला लग्न आहे. मी चौकशी केली. साक्रीला कोणाचंही लग्न नाही.

भाऊजी, एक तुम्हाला माहीत नसेल. तो राक्षस मारला त्या साली हे गणितात नापास झाले होते. घरात कोणी धड बोलत नव्हतं. त्या फोटोपायीच मामंजींनी पहिल्यांदा यांच्या पाठीवर हात ठेवला, चौकटही त्यांनीच करून आणली. तुमचं म्हणणं खरंच असेल. पण हे असोद्याला आले नाहीत, तर आत्यांना काय सांगायचं, आणि पुढच्या वर्षी तरी कसे येतील? तुम्ही मोठे आहात. काहीतरी करा.

वहिनींना नमस्कार, पुनमला गोड पापा. अशीच माया राहू द्या.

तुमची,
दिपमाला

—

जळगाव,
दि. २७ डिसेंबर २०२४

चि. प्रेमराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे मौन पोचले. त्यातील मजकूर सुस्पष्ट आहे.

प्रथम तंत्र. वटवाघूळ दिसण्यापूर्वी उडी मारावी. दिसल्यानंतर मारलेली उडी ही केवळ शोकप्रदर्शन होय. दुसऱ्या छपराच्या टोकाशी क्षणभर उभे राहावे. तेथे थांबणे भित्रेपणाचे दिसते, परंतु तेथेच थांबून मी प्रौढ झालो. घड्याळाच्या मनोऱ्यावर घाई करू नये. तेथे बसलेला पक्षी घाई करणाऱ्याचीच वाट पाहतो. उर्वरित मार्ग भेटीत शिकवीन. भूतलावर हे ज्ञान मजजवळच असावे आणि त्याचा आजवर कोणासही उपयोग झालेला नाही.

दुसरे असे. माझ्या मागील पत्रात आवेशाच्या भरात एक वाक्य राहून गेले. तू राक्षस मारलास. तीन आघात सोसून मारलास, तरी मारलास. तुझा राक्षसही राक्षसच होता आणि त्या वयात तो मारणे सोपे नव्हते. सबब ते छायाचित्र ज्या खिळ्यावर होते, त्याच खिळ्यावर असावे. रिकाम्या भिंतीचा मला विजय नको. (भिंत रिकामी आहे हे मला कसे कळले, ते विचारू नये.)

तिसरे. असोद्यास यावे. साक्रीच्या विवाहात नवरदेव सापडल्यास त्यालाही घेऊन यावे. वांगी मी निवडली आहेत: हिरवी, पोटाने थोर, तुझ्या खालोखाल. तू आला नाहीस, तर मी चिडवायचे कोणाला? शेतात इतकी माणसे असतात, परंतु त्यांच्यापैकी एकासही त्या राक्षसाचे नाव ठाऊक नाही.

लोभ तर आहेच; तो घेऊन ये.

तुझा गुरू (आजपासून),
ललित

—

धुळे,
दि. १४ जानेवारी २०२५

ती. ललितभाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठवला आहे. तो घ्यावा आणि रविवारच्या भरिताबद्दल गोड बोलावे.

मी आलो, सर्वांसमक्ष मान्य केले आणि मुसळी हाती घेतली. इथवर आपला न्याय झाला. पुढे जे झाले ते न्यायाच्या पलीकडचे होते. वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर उत्तम भाजली गेली होती, ती आपल्या मेव्हण्याची कृपा. पण वांगे ठेचायचे म्हणजे मारायचे नसते, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी ते राक्षस समजून ठेचले. लसूण अख्खा राहिला, मिरची एकाच बाजूला गेली आणि शेंगदाणे उडून सतरंजीवर बसलेल्या आपल्यावर पडले. पहिला घास घेऊन आत्यांनी 'हाई भरीत शे का गारा' असे विचारले, तेव्हा पंगतीने चिखलाच्या बाजूने कौल दिला. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या नुसत्या संपल्या. अशी पंगत आपल्या कुळात प्रथमच झाली असेल.

आपण सतरंजीवर बसला होतात खरे, पण मी पाहत होतो. प्रत्येक घावाला आपला उजवा हात आपोआप वर होत होता. शेवटी दुसऱ्या घाण्याला आपण उठलात, माझ्या हातून मुसळी काढून घेतलीत, आणि कोपराचे नावही न काढता असे ठेचलेत की आत्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतले. भाऊ, इतकी वर्षे मी सतरंजीवर बसून ते भरीत खाल्ले, पण ते होताना कधी पाहिले नव्हते. आपला खेळ पाहिला नव्हता तसेच.

निघताना ठरल्याप्रमाणे नवी प्रतिज्ञा अशी: अमेरिकी आवृत्तीतला राक्षस जो मारील तो बसेल, दुसरा ठेचील, आणि तोवर मुसळी आपल्याकडे. आपण दालनापर्यंत पोचता. मी काल प्रथमच वटवाघूळ ओलांडले. तेव्हा आपला विजय दूर नाही. पण गाडीत बसताना आत्यांनी मला बाजूला घेऊन निरोप दिला. राक्षस मेला तर पुढच्या वर्षी मुसळी कोणाकडे जाते, हे त्यांनी बरोबर ताडले होते. 'त्या राक्षसले मारू नको, सांग त्याले' असे शब्द होते. सोबत तुरीच्या शेंगांची पिशवी दिली, ती लाच आहे असे समजावे. मी निरोप पोचवला. निर्णय आपला.

फोटो परत खिळ्यावर गेला. माया असावी, आणि शिकवणीही.

आपला शिष्य,
प्रेमराज

—

जळगाव,
दि. २७ जानेवारी २०२५

चि. प्रेमराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तिळगूळ पोचला. शेंगाही उकडून झाल्या. लाच रुचकर होती. तुझ्या भरिताविषयी गोड बोलण्याचा यत्न दोन दिवस केला आणि सोडला.

काल सुट्टी होती. मामांचे यंत्र काढले, ट्रान्सफॉर्मर उचलला, कोपराने हरकत घेतली, ती फेटाळली. वटवाघूळ, दुसरे छप्पर, मनोरा, सर्व काही यथाविधी पार पडले. दालनात पोचलो तेव्हा माझ्याजवळ एकच प्राण शिल्लक होता, जे नित्याचेच आहे. नवे एवढेच की मनात तुझी प्रतिज्ञा नव्हती, तुझे छायाचित्र नव्हते. कदाचित त्यामुळेच हात स्थिर होता. राक्षसाने अग्नी फेकला, मी नव्हतो. त्याने झेप घेतली, मी पाठीशी होतो. त्याच्या शक्तीची पट्टी घटत घटत शेवटच्या एका रेषेवर आली. प्रेमराज, एक घाव! तो सिंहासनापाशी परतून दम खातो तो क्षण मला मुखोद्गत आहे, आणि मी त्याच्या अगदी समोर तलवार उपसून उभा होतो.

त्याच वेळी मला आत्यांचा चेहरा आठवला, पहिल्या घासानंतरचा. मागे बसलेली पंगत आठवली. तुझ्या मुसळीखाली आक्रोश करणारे ते निष्पाप वांगे आठवले. तो मेला असता तर पुढल्या जानेवारीत मी सतरंजीवर बसलो असतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत तू ठेचले असतेस.

मी खेळ थांबवण्याचे बटण दाबले. राक्षस आणि मी समोरासमोर थांबलो. मग पुनमकडून पडद्याचे छायाचित्र काढून घेतले आणि यंत्र बंद केले.

असे कोणीही म्हणू शकतो, असे तू म्हणशील. एकच घाव उरला होता, हे तर हरलेला प्रत्येकच सांगतो, असेही म्हणशील. म्हणून छायाचित्र मोठे करून, चौकटीत बसवून सोबत पाठवत आहे. ते कृष्णधवल आहे; वटवाघूळ आणि ढग त्यात सारखेच दिसतात, हे तू आता मान्य करशील. शक्तीची रेषा भिंगाने पाहावी. तुझ्या राक्षसाच्या शेजारी माझाही लाव. तुझा मेलेला आहे, माझा जिवंत. पाहुणे विचारतील, तेव्हा दोन्ही खरे सांग.

कोपरास डॉक्टरांनी पट्टा दिला आहे. पुढल्या जानेवारीपर्यंत बरे होईल, व्हावेच लागेल. दिपमालास आशीर्वाद, आणि माझ्या मागल्या पत्रातील कंसाबद्दल तिची क्षमा मागावी. आत्यांना एवढेच कळव, की राक्षसास अभय दिले आहे आणि मुसळी माझीच आहे.

लोभ आहे तसाच ठेव. मिरचीचे मी पाहून घेईन.

तुझा,
ललित