आभार राहिलेच

रविवार, संध्याकाळ

नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयाच्या समारंभात आज मला आभारप्रदर्शन दिलं होतं. घशाच्या शस्त्रक्रियेआधी दोन-दोन तास सभा गाजवणाऱ्या मला. त्यानंतर पावणेदोन वर्षं सभेत गप्प होतो. आवाज कधीच परत आला, असं डॉक्टर म्हणतात. मग अडलं कुठे? भीतीच, दुसरं काय. भर सभेत आवाज फाटला तर?

नाहीच म्हणणार होतो. आभार म्हणजे लोक चपला शोधत असताना बोलायचं. सुमन म्हणाली, "अहो, दोनच मिनिटं आहेत. काल त्या गॅसवाल्याला दहा मिनिटं सुनावलंत."

गेलो. हातात यादी होती: अध्यक्ष, पाहुणे, माईकवाला, चहावाला. पहिलं नाव घेणार, तोच पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून चपलांकडे निघाले. डोकं फिरलं. "बसा," म्हटलं. बसले. मग वाचनालयं ओस पाडून दुकानं भरणाऱ्या या शहरावर बोललो. आवाज एकदा घोगरा झाला, फाटला नाही. सुमन मागून मनगटावरचं घड्याळ दाखवत होती, मला वाटलं दाद देतेय. चाळीस मिनिटं झाली. चपलांकडे कोणी गेलं नाही.

घरी खिशात यादी सापडली. एकाचेही आभार मानले नव्हते. चहावाल्याचेसुद्धा.

वाचनालयाच्या चिटणीस जोशीबाईंना फोन केला. "बाई, आभार राहिलेच. पुढच्या महिन्यात मानतो."

"नको सर. पुढच्या महिन्यात तुम्ही वक्ते. आभार मी मानेन, तुमचा भरवसा नाही."