आर्व्हिडच्या नावाखालची रिकामी ओळ

११ फेब्रुवारी, रविवार
काल दूध काढताना शेजारच्या लाइलला अर्धांगाचा झटका आला. अँब्युलन्स ओढ्यापर्यंत पोचली होती. कारिनला, म्हणजे त्याच्या बायकोला, पलीकडे दिवे दिसत होते. पण पूल बंद! गाडी मागे वळली आणि सात मैलांचा वळसा घालून आली.
पुलावर अडसर माझ्या नवऱ्यानेच लावलाय. आर्व्हिड गावमंडळाचा अध्यक्ष, अठरा वर्षं. दुरुस्ती परवडत नाही म्हणे.

१८ फेब्रुवारी
लाइल वाचला. बोलणं मात्र गेलं.
आर्व्हिडला म्हटलं, आता तरी पुलाचं बघ. "मंडळात आम्ही तिघं आहोत, थेल्मा," एवढं बोलला आणि टोपी घालून गोठ्यात गेला. तिघांत चालतं कुणाचं, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे!

२५ फेब्रुवारी
बारा मार्चला निवडणूक. कसली निवडणूक? आर्व्हिडने जानेवारीतच अर्ज भरला, मुदतीत दुसऱ्या कुणी भरलाच नाही. दरवर्षीसारखी बिनविरोध. लोक येतात ते कॉफी आणि केकसाठी.
आर्व्हिड स्वतःला कधी मत देत नाही. आपल्या ताटात आपणच वाढून घ्यायचं नसतं, म्हणतो. ती जागा कोरी सोडतो, आणि खाली दुसऱ्या कुणाचं नाव हाताने लिहून त्याला मत द्यायला रिकामी ओळ असते, तीसुद्धा.

३ मार्च
चर्चच्या स्वयंपाकघरात कारिन माझ्याशेजारी बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "खालच्या रिकाम्या ओळीत कुणी माझं नाव लिहिलं, तर मी नाही म्हणणार नाही."
सुऱ्या थांबल्या, पुन्हा चालू झाल्या. मिनेसोटात याहून मोठा प्रचार कुणी करत नाही! बायकांपैकी कुणी हो म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही. मला मात्र लिहायचं होतं.

१० मार्च
झोप नाही. नवऱ्याविरुद्ध मत! पण लाइलला आज पाहिलं. पेला हवा होता आणि शब्द येईना. रडला बिचारा. ठरलं, कारिनचं नाव लिहायचं.

१२ मार्च, मंगळवार
नाही लिहिलं.
पेन उचललं होतं. समोरच्या टेबलाशी मर्ना, आमची कारकून. मतं तीच मोजते. चर्चच्या पाककृती मी लिहून देते आणि ती टाईप करते, तीस वर्षं. माझं अक्षर ती डोळे मिटून ओळखेल. गोल काळा करायला मात्र अक्षर लागत नाही. मी आर्व्हिडच्या नावापुढचा गोल काळा केला. तसाही तोच येणार, असं मनाला समजावलं. माझ्या एका मताने काय होतंय!
निकाल: आर्व्हिड सहा. कारिन पाच.
पाच! एकमेकींशी चकार शब्द न बोलता. मी लिहिलं असतं तर कारिनला सहा, त्याला पाच.

१३ मार्च
मर्ना येऊन बसली. बर्फाबद्दल बोलली, सुनेबद्दल बोलली. जाताना आर्व्हिडकडे असं काही बघितलं, की मला वाटलं याची कीव करतेय. पाच जणांनी नाकारलं म्हणून.

१४ मार्च
सकाळी आर्व्हिड टेबलाशी बसून राहिला. गोठ्यात गेला नाही. मग म्हणाला, "पूल उघडायचा म्हणजे बंद केला ते चुकलं, असं सभेत उभं राहून म्हणावं लागणार. माझ्या तोंडून निघत नाही गं. कारिन आली असती तर तिने उघडला असता."
मी म्हटलं, येणार कशी, कुणी लिहायला नको?
"मी लिहिलं," म्हणाला. "यंदा ती जागा कोरी नाही सोडली. आणखी एकाने धीर केला असता, तर झालं असतं."
तो एक कोण, ते मी त्याला सांगितलेलं नाही.